सिंहस्थापूर्वी मांडावयाचे गणित

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या आगामी सिंहस्थ कुंभमेळ्याचा कार्यक्रम जाहीर झालेला आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी ध्वजारोहण व्हावयाचे असून नाशिकची तीन प्रमुख अमृतस्नाने २०२७ च्या २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट व ११ सप्टेंबर या दिवशी आहेत. त्र्यंबकेश्वरचे तिसरे स्नान त्याच्या दुसऱ्या दिवशी आहे. घाट, पूल, रस्ते, वाहनतळ, साधुग्राम, पाणीपुरवठा, आरोग्य अशा नाना विषयांवर अशा वेळी बैठका होतात आणि प्रत्येक विषयाला आकडे असतात. इतके किलोमीटर, इतके कोटी रुपये, इतके हजार पोलीस. एका प्रश्नाला मात्र सहसा आकडा नसतो. पर्वणीच्या दिवशी गोदाकाठाकडे उतरणाऱ्या अमुक एका रस्त्यावर, अमुक एका वळणावर, अमुक वाजता उभ्या असलेल्या यात्रेकरूच्या छातीवर इतरांच्या शरीरांचा किती दाब पडेल? मंगल प्रसंगापूर्वी असा प्रश्न विचारणे काहींना अभद्र वाटेल. तथापि ज्या शहराने २००३ चा सिंहस्थ पाहिला, त्या शहराला हा प्रश्न टाळता येणार नाही.

२७ ऑगस्ट २००३ या पर्वणीच्या दिवशी रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद रस्त्यावर, सरदार चौकाच्या परिसरात, ३९ यात्रेकरू चेंगरून मृत्युमुखी पडले आणि शंभराहून अधिक जखमी झाले. महाराष्ट्राला ही घटना अपवाद नव्हती. त्यापूर्वी २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात गोवारी समाजाच्या मोर्चात ११४ जण गेले होते. नंतर २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळच्या मांढरदेवीच्या यात्रेत सुमारे तीनशे भाविक दगावले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईच्या तत्कालीन एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर २३ जणांचा अंत झाला. २९ जानेवारी २०२५ रोजी प्रयागराजच्या महाकुंभात मौनी अमावास्येच्या पहाटे पुन्हा तेच घडले. शासनाने त्या दिवशी जाहीर केलेला आकडाच ३० मृत्यूंचा होता. या घटनांची स्थळे निराळी, निमित्ते निराळी आणि जमलेली माणसेही निराळी. नंतरचे स्पष्टीकरण मात्र बहुधा ठरलेले असते. अफवा पसरली, घबराट उडाली, कोणी काही उधळले, लोकांनी शिस्त पाळली नाही. याचा सरळ अर्थ असा की, मेलेल्यांचा दोष मेलेल्यांवर आणि त्यांच्या शेजाऱ्यांवर टाकून प्रकरण मिटविले जाते.

हे स्पष्टीकरण किती अपुरे आहे, ते भाषाच सांगते. इंग्रजीत अशा प्रसंगाला जो ‘स्टँपीड’ हा शब्द वापरतात, तो मुळात उधळलेल्या गुरांचा आहे. मराठीतला ‘चेंगराचेंगरी’ हा शब्द त्याहून खरा आहे. त्यात पळणे नाही, उधळणे नाही; दोहोंच्या मध्ये सापडून दाबले जाणे एवढेच आहे. अशा दुर्घटनांत बहुसंख्य माणसे पायदळी तुडविली गेल्यामुळे मरत नाहीत, तर छातीचा भाता फुगण्यास जागाच न उरल्यामुळे गुदमरून मरतात. अनेकदा ती उभ्या उभ्या मरतात. अमेरिकन अभियंता जॉन फ्रुईन यांनी १९९३ च्या आपल्या निबंधात हे स्पष्टपणे नोंदविले आहे. एका चौरस मीटरमध्ये सातच्या आसपास माणसे झाली की जमाव जणू एकच प्रवाही वस्तुमान बनतो. त्यातून लाटा जातात, माणसांचे पाय जमिनीवरून उचलले जातात आणि एखाद्याची इच्छा, शिस्त वा शहाणपण यांना काही अर्थ उरत नाही. काही दुर्घटनांनंतर पोलादी कठडे वाकलेले आढळले. त्यासाठी साडेचारशे किलो वजनाहून अधिक जोर लागला असला पाहिजे, असेही त्यांनी नमूद केले आहे.

एवढा जोर येतो कोठून? त्याला कोणी राक्षसी बळाने ढकलावे लागत नाही. उताराच्या गल्लीत एकामागे एक वीस माणसे खेटून उभी आहेत आणि प्रत्येकाने पुढच्यावर केवळ पाच किलो वजनाइतका रेटा दिला, अशी कल्पना करावी. पुढे सरकण्यास वाव नसेल आणि हा रेटा पायांनी अडविला गेला नाही, तर तो बेरजेने पुढे जातो आणि सर्वांत पुढच्या माणसावर जवळजवळ शंभर किलोचा भार पडतो. मागच्या माणसाला आपण कोणाला इजा करीत आहोत याची कल्पनाही नसते; त्याने तर तोल सावरण्यापुरते टेकलेले असते. या बेरजेत द्वेष नाही, घबराट नाही आणि अफवाही नाही. एका शरीराचा दुसऱ्या शरीराला होणारा स्पर्श आणि त्या स्पर्शातून वाहणारा जोर एवढेच तीत आहे.

म्हणूनच हा विषय केवळ पोलीस खात्याचा वा देवस्थानाचा नसून यंत्रशास्त्राचाही आहे. घन वस्तू एकमेकींना टेकल्या, घासल्या वा आदळल्या असता काय होते, हा प्रश्न वरवर शाळकरी वाटतो. प्रत्यक्षात तो यंत्रशास्त्रातल्या अवघड प्रश्नांपैकी एक आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सच्या कुलोंबने घर्षणाचे नियम मांडले. १८८२ मध्ये हाइनरिश हर्ट्झ या तरुण जर्मन शास्त्रज्ञाचा निबंध प्रसिद्ध झाला, आणि दोन स्थितिस्थापक गोल पृष्ठभाग दाबले असता त्यांच्यामधला जोर कसा वाढतो, हे त्यातून कळले. विसाव्या शतकात इटलीच्या अंतोनियो सिन्योरिनी यांनी या प्रश्नाची खरी अडचण नेमकी मांडली. दोन वस्तूंमध्ये अंतर असेल तर दाब शून्य असतो, आणि दाब असेल तर अंतर शून्य असते. दोन्ही एकाच वेळी असू शकत नाहीत. अडचण अशी की, कोणत्या ठिकाणी अंतर आहे आणि कोणत्या ठिकाणी दाब आहे, हे गणित सुटेपर्यंत माहीतच नसते. घर्षणाने त्यात भर पडते. टेकलेल्या दोन वस्तू चिकटून राहतील की घसरतील, हेही उत्तरातूनच कळावयाचे असते. एखाद-दुसऱ्या वस्तूपुरते हे कागदावर सोडविता येते. हजारो वस्तू एकत्र आल्या की सूत्रे थकतात आणि संगणकावर, आकड्यांच्या साह्याने, पायरीपायरीने उत्तर काढावे लागते. त्यालाच अंकीय पद्धती म्हणतात.

या पद्धतीचे सर्वांत परिचित रूप पीटर कंडॉल यांनी १९७१ मध्ये मांडले. पुढे ओटो स्ट्रॅक यांच्यासह लिहिलेल्या १९७९ च्या निबंधाने ते सर्वतोमुखी झाले. त्यांच्यापुढे प्रश्न होता फुटलेल्या खडकांचा आणि वाळूच्या कणांचा. प्रत्येक कण म्हणजे एक वर्तुळ वा गोळा मानावयाचा. दोन कण टेकले की हिशेबात त्यांना एकमेकांत अगदी किंचित शिरू द्यावयाचे. जितके शिरतील तितक्या जोराने मधली काल्पनिक स्प्रिंग त्यांना दूर ढकलते. आडव्या दिशेने घर्षण लावावयाचे. मग प्रत्येक कणावरील सर्व जोरांची बेरीज करून, न्यूटनच्या नियमाने, पुढच्या क्षणी तो कोठे असेल ते काढावयाचे. हा क्षण फार लहान असावा लागतो, सेकंदाच्या शंभराव्या, हजाराव्या वा त्याहूनही लहान भागाइतका. कारण स्पर्शाचा काळच लहान असतो. दोन लहान पोलादी गोळ्यांची टक्कर सेकंदाच्या हजाराव्या भागापूर्वीच संपते. शिवाय कोण कोणाला टेकले आहे, याचा शोध दर पायरीला घ्यावा लागतो. दहा हजार वस्तू असतील तर जोड्या होतात सुमारे पाच कोटी. म्हणून सर्व जागेची लहान लहान घरे पाडून प्रत्येक वस्तूने फक्त आपल्या व शेजारच्या घरांतच चौकशी करावी, अशी युक्ती योजिली जाते.

नाशिककरांना ही विद्या परकी वाटण्याचे कारण नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत घासणारे, फिरणारे आणि दाबले जाणारे सुटे भाग बनतात. ओझरच्या कारखान्यात विमानांचे सांगाडे उभे राहतात. स्पर्शाचे गणित हा तेथल्या कामाचा पायाच होय. महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘मेरी’, १९५९ पासून याच शहरात आहे. मातीच्या धरणांचा भराव, त्यातील कणाकणांत वाटला जाणारा भार, हे तिच्या मृदाशास्त्रीय कामाचे क्षेत्र. इतके दूर जाण्याचीही गरज नाही. कणगीच्या तळाचे भोक पुरेसे मोठे असतानाही धान्य मध्येच अडते आणि काठीने हलवावे लागते, हे कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक असते. दाणे एकमेकांना टेकून भोकावर कमान धरतात. वरून जितके दाबावे तितकी ती कमान घट्ट होते.

माणसांच्या गर्दीचे नेमके हेच होते, हे २००० मध्ये डर्क हेलबिंग या जर्मन शास्त्रज्ञाने इल्येश फार्काश व तमाश विचेक या हंगेरियन सहकाऱ्यांसह दाखविले. त्यांनी माणसाला एक वर्तुळ मानले. दूर असताना तो इतरांपासून अंतर राखू पाहतो. एकदा स्पर्श झाला की मात्र कणांना लागू पडणारेच दाब आणि घर्षण त्यालाही लागू होतात. या प्रतिरूपातून निघालेला निष्कर्ष व्यवस्थापकांनी भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. प्रत्येकाने अधिक वेगाने बाहेर पडू पाहिले, तर सर्वांना बाहेर पडण्यास अधिक वेळ लागतो. दाराशी माणसांची कमान धरली जाते, धान्याची धरली जाते तशीच. त्याहून चमत्कारिक निष्कर्ष असा की, दाराच्या किंचित अलीकडे, योग्य जागी उभा केलेला एखादा खांब वाट अडविण्याऐवजी कधीकधी वाट मोकळी करतो, कारण मागचा रेटा तो अंगावर घेतो. फ्रान्समध्ये याच प्रश्नाकडे निराळ्या बाजूने पाहिले गेले. झाँ-झाक मोरो यांनी १९८० च्या दशकात स्प्रिंगची कल्पनाच बाजूस सारली. वस्तूंना एकमेकींत मुळीच शिरू द्यावयाचे नाही, आणि ते टाळण्यास जेवढा जोर लागेल तेवढाच जोर तेथे आहे असे समजावयाचे, ही त्यांची रीत. २०११ मध्ये बेर्त्राँ मोरी व ज्यूलिएत व्हेनेल यांनी तीच रीत गर्दीला लावली.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो तो असा की, माणूस म्हणजे वाळूचा कण नव्हे. त्याला बुद्धी आहे, श्रद्धा आहे. तो थांबतो, वळतो, दुसऱ्याला हात देतो. आक्षेप खरा आहे, आणि जोपर्यंत माणसाला वळण्यापुरती जागा आहे तोपर्यंतच तो खरा आहे. चौरस मीटरला दोन-तीन माणसे असताना गर्दी म्हणजे समाज असतो. तेथे सूचना, स्वयंसेवक, ध्वनिक्षेपक, शिस्त या सर्वांचा उपयोग होतो. सहा-सात माणसे झाली की निर्णय घेणारी बुद्धी शाबूत असूनही तो निर्णय अमलात आणणारे पाय मोकळे नसतात. त्या अवस्थेत माणसाला कण मानणे हा त्याचा अपमान नव्हे. त्याची असहायता मान्य करणे होय. उलट त्या अवस्थेतही त्याच्याकडून शिस्तीची अपेक्षा धरणे आणि नंतर तिच्या अभावाबद्दल त्याला दोष देणे, हा खरा अन्याय आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर असून तो विद्येच्या बाजूनेच यावयास हवा. संगणकाने दाखविलेले चित्र रंगीत असते, हलते असते आणि म्हणून खरे वाटते. परंतु ते सहज खोटे असू शकते. हिशेबातला क्षण मोठा धरला, तर वेगाने सरकणारी कागदी माणसे एका पायरीत कठड्यातून आरपार जातात आणि पडद्यावर गर्दी अगदी सुरळीत वाहताना दिसते. स्प्रिंग फार मऊ धरली, तर ज्या जागेत सात माणसे मावत नाहीत तेथे बारा मावतात आणि दाब कमी निघतो. घर्षण धरलेच नाही, तर कमानी धरल्या जात नाहीत. यांपैकी प्रत्येक चूक एकाच दिशेची आहे. ती योजनेला आहे त्यापेक्षा सुरक्षित दाखविते. ज्याला योजना मंजूर करून घ्यावयाची आहे, त्याला अशी चूक गोडच वाटणार. म्हणून चित्र पाहून समाधान मानणे पुरेसे नाही; चित्रामागचे आकडे तपासले गेले पाहिजेत.

परदेशातले आकडे जसेच्या तसे उचलण्यातही धोका आहे. कानपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी जर्मन सहकाऱ्यांसमवेत केलेला आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या दृष्टीने बोलका आहे. एकाच पद्धतीच्या वाटेवरून भारतात आणि जर्मनीत माणसांना एका रांगेत चालावयास लावले, तेव्हा भारतीय माणसे एकमेकांच्या अधिक जवळून चालतात आणि गर्दी वाढली तरी त्यांचा वेग तितकासा घटत नाही, असे आढळले. म्हणजे जर्मन माणसावर बेतलेले प्रतिरूप गोदाकाठच्या यात्रेकरूला लागू पडेलच असे नाही. येथे म्हातारी माणसे असतात, कडेवर मुले असतात, डोक्यावर बोचकी असतात, ओल्या पायऱ्या असतात, आणि आपल्या गावच्या माणसांचा हात न सोडण्याचा निर्धार असतो. या साऱ्याची मापे येथेच घ्यावी लागतील.

अशी मापे घेऊन काय साधते, याचे उदाहरण मक्केजवळच्या मिना येथे सापडते. १२ जानेवारी २००६ रोजी जमरातच्या पुलाशी साडेतीनशेच्या आसपास हाजयात्रेकरू मृत्युमुखी पडले. त्या दिवशीच्या चित्रफितींचा हेलबिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी बारकाईने अभ्यास केला. अगोदर सलग वाहणारी गर्दी काही काळाने थांबत-थांबत चालू लागली. मग तिला कोणत्याही दिशेने हिसके बसू लागले, आणि त्यानंतर माणसे पडली. म्हणजे सूचना मिळाली होती. ती वाचणारा कोणी नव्हता. पुढे तेथे अनेक मजली नवा पूल झाला, एकदिशा मार्ग झाले, जथ्यांना वेळा नेमून देण्यात आल्या. तरीही सप्टेंबर २०१५ मध्ये त्याच मिनात पुन्हा शेकडो माणसे गेली. ती पुलावर नव्हे, तर पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या संगमावर गेली. एक अरुंद जागा रुंद केली की धोका नाहीसा होत नाही, तो पुढच्या अरुंद जागी सरकतो, हा त्याचा धडा. घाटांची लांबी वाढविल्याचे समाधान मानणाऱ्या प्रत्येक योजनेने तो ध्यानी घ्यावा. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात, स्पेनमधील पाम्प्लोना शहराच्या उत्सवात चौकात जमणारी दाट गर्दी ठरावीक तालात डोलू लागते, असे दिसून आले. एक फेरा सुमारे १८ सेकंदांचा असतो. कोणी ठरवून न डोलता हजारो शरीरे एकदम हेलकावतात. हा हेलकावा कॅमेऱ्याला माणसाच्या डोळ्याआधी दिसू शकतो.

नाशिकला यातले काही नवे नाही. २०१५ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने येथे ‘कुंभथॉन’ नावाचा तरुणांचा उपक्रम झाला. त्यातून ‘अशिओतो’ ही, पावलांच्या दाबावरून जाणाऱ्या माणसांची संख्या मोजणारी चटई निघाली. ती करणाऱ्यांत शाळकरी वयाचा मुलगा होता, आणि तिची चाचणी त्याच मेळ्यात झाली. गणनशक्तीची सबबही आता चालण्यासारखी नाही. पुण्यात १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला, तेव्हा साऱ्या देशाने त्याचे कौतुक केले; आज त्याहून अधिक शक्तीचा संगणक महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या मांडीवर असतो. काही हजार माणसांची एक गल्ली त्यावर सुखेनैव मांडता येते. शहरात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, मुक्त विद्यापीठ आहे. उणीव साधनांची नाही. प्रश्न विचारण्याची आहे.

संगणकाकडे जाण्यापूर्वी करावयाचा हिशेब तर पाटीवरही होतो. सपाट वाटेवरून दर मीटर रुंदीमागे मिनिटाला सुमारे ८० माणसे सुरक्षितपणे जाऊ शकतात. ब्रिटनच्या क्रीडांगण-सुरक्षेच्या मार्गदर्शिकेतला आकडा ८२ आहे. उदाहरणादाखल सहा मीटर रुंदीची वाट घेतली, तर तासाला २८,८०० माणसे जातील. तिच्या तोंडाशी तासाभरात एक लाख माणसे आली, तर ७१,२०० माणसांना कोठेतरी थांबावे लागेल. चौरस मीटरला चार या दाट प्रमाणाने उभी केली तरी त्यांना १७,८०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ साडेचार एकर जागा लागेल. ही जागा योजनेत आहे काय? नसेल, तर ती माणसे वाटेतच थांबतील आणि मागून येणारे त्यांना टेकतील. येथपर्यंतचे गणित सातवीच्या विद्यार्थ्याचे आहे. त्यापुढे, ती टेकल्यावर कोणत्या कठड्यावर किती जोर पडेल, हे सांगण्यासाठी स्पर्शाचे गणित लागते.

मागणी साधी आहे. पहिली गोष्ट, रामकुंड आणि कुशावर्त यांकडे जाणाऱ्या व तेथून परतणाऱ्या प्रत्येक वाटेची सर्वांत अरुंद जागी भरणारी रुंदी, तिचा उतार आणि तिची दर तासाची क्षमता कुंभमेळा प्राधिकरणाने प्रसिद्ध करावी. दुसरी गोष्ट, धोक्याच्या जागांचे अंकीय प्रतिरूप किमान दोन स्वतंत्र संस्थांकडून करून घ्यावे, आणि त्या दोहोंची उत्तरे न जुळल्यास का जुळत नाहीत ते सांगावे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हे प्रतिरूप प्रथम २००३ च्या सरदार चौकावर लावून पाहावे. ज्या प्रतिरूपाला झालेली दुर्घटना कागदावर घडवून दाखविता येत नाही, त्याने दिलेली न होणाऱ्या दुर्घटनेची ग्वाही कोणी मानू नये. चौथी गोष्ट, कठडे आणि अडथळे हिशेबातून निघालेल्या जोराला टिकतात की नाही, हे मेळ्यापूर्वी तपासावे. जेथे टिकणे धोक्याचे आहे, तेथे ते उघडता यावेत. पाचवी गोष्ट, अमुक ठिकाणी चौरस मीटरला इतकी माणसे झाली की मागचा प्रवाह थांबवावयाचा, हा आकडा आधी ठरवावा. तो ओलांडला जाताच प्रवाह थांबविण्याचा अधिकार जागेवरच्या अधिकाऱ्याला असावा. पाहुणा कोणी का असेना, मिरवणूक कोणाची का असेना, त्या क्षणी वरच्या आदेशाची वाट पाहण्याची पाळी त्याच्यावर येऊ नये.

सुरक्षिततेच्या कारणास्तव हे आकडे गुप्त ठेवावे लागतात, असे सांगितले जाण्याचा संभव आहे. कोणता पोलीस कोठे उभा राहील हे गुप्त असावे, हे मान्य. रस्ता किती मीटर रुंद आहे हे गुप्त असू शकत नाही. तो रोज हजारो लोक पायांनी मोजतात. उलट हे आकडे उघड झाले तर महाविद्यालयातील प्राध्यापक ते तपासतील, विद्यार्थी चुका काढतील आणि गल्लीत राहणारे रहिवासी सांगतील की नकाशावर दाखविलेली सहा मीटरची वाट प्रत्यक्षात दुकानांच्या फळ्यांमुळे चारच मीटर उरते. ही शेवटची माहिती कोणत्याही महासंगणकाजवळ नसते.

गर्दी आणि भक्ती यांचा संयोग महाराष्ट्राला नवा नाही. पंढरीच्या वारीत लाखो माणसे चालतात, आणि त्यातली प्रत्येक दिंडी क्रमांकाने रथाच्या पुढे वा मागे आपली जागा राखते. ओळी ठरलेल्या असतात, दोन दिंड्यांमध्ये अंतर असते, थांबण्याच्या जागा ठरलेल्या असतात. स्पर्श दाबात बदलू नये, याची व्यवस्था परंपरेनेच तेथे करून ठेवलेली आहे. विज्ञान याहून निराळे काही सांगत नाही. जेथे अशी परंपरा उभी करण्यास वेळ नाही, जेथे एका पहाटे देशभरातून आलेली अपरिचित माणसे एकाच काठाकडे निघतात, तेथे ते अंतर आधी हिशेबाने राखावे लागते, एवढेच त्याचे म्हणणे.

नियोजनात हिशेब मांडला म्हणजे दुर्घटना होणारच नाही, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. परंतु हिशेब न मांडता झालेल्या दुर्घटनेला दैव म्हणण्याचा अधिकारही कोणाला उरत नाही. २००३ मध्ये हे शास्त्र अस्तित्वात होते, पण ते गोदाकाठापर्यंत पोहोचले नव्हते. २०२७ मध्ये तसे म्हणता येणार नाही. पर्वणीच्या दिवशी काठावर उभी राहणारी म्हातारी नाशिकच्या प्रशासनाकडे पुण्य मागत नाही; ते देणारी गोदावरी आहे. श्वास घेण्यापुरती जागा मात्र तिला प्रशासनाकडूनच मिळावयाची आहे. ती किती असावी, हे आज मोजता येते. म्हणून ती मोजून ठेवली पाहिजे.